गोड्या पाण्यातली केबिनची बोट

मंडळी, पहिली केबिनची बोट घेताना आपल्याकडे हमखास एक वाक्य ऐकू येतं: इथं कुठं समुद्र आहे, गोड्या पाण्यात इंजिनाला काय होणार? मीठ नाही म्हणून गंज कमी, एवढंच त्यात खरं. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात इंजिनं मरतात ती गाळानं आणि जाळ्याच्या नायलॉन धाग्यानं.

जुनी बोट बघायला गेलात तर आधी मागची फळी तपासा, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. इंजिनाचा खालचा भाग हातानं वर-खाली दाबा. फळी लवली तर फायबरच्या आतलं प्लायवूड कुजलेलं आहे. मग प्लास्टिकच्या हातोडीनं तळ ठोकत जा. खणखणीत आवाज चांगला. बद्द वाजलं तिथं थर सुटलेत. केबिनच्या गाद्या आणि रंग शेवटी बघा.

इंजिन सुरू झालं की बाजूनं इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पडते. ती रोज बघायची. ती आणखी बारीक झाली की आधी पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णी अडकली आहे का बघा. जाळी साफ असेल तर आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं पात्यांचं चाक, झिजला असं समजा. गढूळ पाण्यात तो दरवर्षी बदललेला बरा, आणि बोट पाण्याबाहेर असताना पाणी जोडल्याशिवाय इंजिन काही सेकंदसुद्धा चालवू नका, रबर जळतं. नवा इम्पेलर बसवताना दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा, म्हणजे पाती बरोबर वळतात. त्याला दांड्यावर धरून ठेवणारी छोटी चावी (धातूचा तुकडा) गाळात पडली तर सापडत नाही, म्हणून खाली फडकं अंथरा. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एक तुटलेली असेल तर तिचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. तो काढला नाही तर नव्या इम्पेलरनंही इंजिन तापतं.

आता धागा. आपण सगळे जाळ्यांच्या पाण्यात चालवतो. तुटक्या जाळ्याचा धागा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि गिअरमध्ये पाणी शिरू न देणारं सील कापतो. म्हणून दर महिन्याला पंखा काढून तिथं बघाच. सील गेल्याची खूण गिअर ऑइलमध्ये दिसते: दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. ऑइल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. नवं ऑइल नळीनं खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर नळी काढून खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. दोन्ही वॉशर दर वेळी नवे.

इंजिनावर खारं पाणी डोळ्यासमोर ठेवून बसवलेला जस्ताचा ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, असेल तर बदला. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते निकामी होतं, मॅग्नेशियमचा लावा. अर्धा झिजला की बदला. त्याला रंग मात्र कधीही लावू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि बोट महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा धोका बांधून ठेवलेल्या बोटीला असतो. पळसाच्या पानांनी निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी तळाशी साचतं. तळाच्या पंपाची तार मेन स्विचमधून नेऊ नका, फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडा, नाहीतर स्विच बंद केला की पंपही बंद. बॅटरी भरलेली असताना १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, तिथं चार्ज करा.

दोर आखूड बांधला तर पाणी चढताना बोटीचं नाक खाली ओढलं जातं. धरणाची दारं उघडून पाणी उतरलं तर बोट बुडालेल्या झाडाच्या खुंटावर बसते आणि तळ फुटतो. बांधायची जागा म्हणूनच मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना, हेरून ठेवा. खुंट तेव्हाच दिसतात.