अंजिराच्या डोळ्यात दडलेला कोळी

दिवे घाट चढून सासवडकडे निघालं, की रस्त्याकडेला अंजिराच्या पाट्या दिसू लागतात. हे पुरंदरचं अंजीर, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. बागेत झाडं झुडपासारखी, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेली.

हे पान बघा. हिरव्यावर फिकट पिवळे डाग, कडा विरत गेलेल्या. पान जून झालं की याच डागांना तांबूस किनार येते आणि अनेकांना तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, वाटतो. मग बुरशीनाशकावर खर्च होतो, गुण मात्र येत नाही. पान उलटवून बोट फिरवा. तांबेरा असेल तर भुकटी बोटाला लागते. इथे बोट कोरडंच राहिलं. हा मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग.

तो झाडोझाडी नेतो एरिओफिड कोळी. लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर, अंग गाजरासारखं निमुळतं, पाय चारच. लाल कोळ्यासारखी जाळी हा करत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेला सापडतच नाही. शेंड्याच्या डोळ्यात, म्हणजे न उमललेल्या कोंबात, पापुद्र्याआड राहतो आणि वाऱ्याबरोबर पुढच्या झाडावर जातो. हाच वाहक आहे हे १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात दाखवलं गेलं. विषाणूची नेमकी ओळख पटायला मात्र २००९ उजाडलं. तुरीच्या वांझ रोगाचे विषाणूही याच गोतातले, आणि त्यांचा वाहकही असाच कोळी.

तरी आमच्या मते खरा धोका कलमात आहे. अंजिराची लागवड होते फाटे कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा लावून, नाहीतर गुटीने, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून. रोगी झाडाची फांदी लावली, की विषाणू पहिल्या दिवसापासून नव्या बागेत. कोळ्याची गरजही उरत नाही.

विषाणूवर औषध नाही. फवारणीने आवरतो तो फक्त कोळी. त्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक छाटणीनंतर डोळे फुटू लागताना मारायचं, कारण मिटलेल्या डोळ्याच्या आत ते पोचत नाही. भर उन्हात मारलं तर पानं करपतात. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मात्र ऊठसूट वापरू नका. त्यांनी कोळ्याला खाणारे मित्रकोळीच आधी मरतात.

पानगळ झाल्यावर रोगी फांदी आणि निरोगी फांदी ओळखू येत नाही. म्हणून नवी पालवी असतानाच बाग फिरून निर्मळ झाडांना रंगीत फीत बांधायची, आणि फाटे घ्यायचे ते त्याच झाडांचे.