फ्री ट्रेड करार: दाद कोण मागू शकतं, कंपनी की कामगार?

नमस्कार मंडळी! फ्री ट्रेड करार झाला की बातम्यांमध्ये ठरलेलं असतं, व्हिस्की किती स्वस्त होणार, गाडी किती लाखांनी उतरणार वगैरे. आपण आज जरा वेगळं बघू. करार मोडला गेला तर दाद कोणाला मागता येते?

नाफ्टा घ्या. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको, 1 जानेवारी 1994 पासून लागू. त्यातल्या अकराव्या प्रकरणात परदेशी गुंतवणूकदाराला सरकारवर थेट केस टाकता यायची, आणि तीही देशाच्या कोर्टात नाही, तर तीन लवादांपुढे, म्हणजे खास त्या केससाठी नेमलेल्या पंचांपुढे.

मेक्सिकोत सान लुइस पोतोसी राज्यात ग्वादालकासार म्हणून ठिकाण आहे. मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीला तिथे घातक कचऱ्याचा डेपो चालवायचा होता. आधीचा हजारो टन कचरा तिथे पडलेलाच, लोक भडकलेले, त्यात केंद्र सरकार कंपनीला म्हणतंय काही अडचण नाही आणि नगरपालिका म्हणतेय परवाना देणार नाही. शेवटी गव्हर्नरनं दुर्मिळ निवडुंगांसाठी ती जागा राखीवच करून टाकली. कंपनी लवादाकडे गेली आणि 2000 साली निकाल आला, भरपाई सुमारे 1 कोटी 67 लाख डॉलर. पुढे रक्कम थोडी कमी झाली, पण मेक्सिकोला पैसे मोजावे लागलेच.

दरवेळी कंपनीच जिंकते असंही नाही हां. यूपीएस कुरिअरनं कॅनडावर केस टाकली, की तुमचं सरकारी पोस्ट आपलं टपालाचं नेटवर्क कुरिअरच्या धंद्याला वापरतंय, हा आमच्यावर अन्याय आहे. मागणी 16 कोटी डॉलरची. 2007 मध्ये केस फेटाळली गेली. पण मधली गंमत ऐका, गंमत कसली म्हणा. पोस्टातल्या कामगारांची युनियन म्हणाली, नोकऱ्या आमच्या आहेत, आम्हालाही पक्षकार करा. लवाद म्हणाला, नाही, फार तर लेखी म्हणणं द्या!

कामगारांसाठी नाफ्टाला एक वेगळा जोडकरार होता. युनियन करायच्या हक्कावर गदा आली तर काय? तर मंत्र्यांनी एकमेकांशी चर्चा करायची. बस, चर्चा.

2020 मध्ये नाफ्टा जाऊन त्याच तीन देशांचा नवा करार, यूएसएमसीए, आला आणि इथे खरा फरक पडला. आता एखाद्या कारखान्यात युनियनचा हक्क डावलला तर थेट त्या कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते आणि त्याच्या मालावरची करसवलत अडवता येते. मेक्सिकोत सिलाओमध्ये जनरल मोटर्सचा पिकअप ट्रकचा कारखाना आहे, तिथे जुन्या युनियननं कंपनीशी केलेल्या करारावर एप्रिल 2021 मध्ये मतदान चालू होतं आणि मतपत्रिकाच नष्ट झाल्याचं उघड झालं. अमेरिकेनं प्रकरण उचललं. ऑगस्टमध्ये निरीक्षकांसमोर परत मतदान झालं, 3,214 विरुद्ध 2,623 मतांनी कामगारांनी तो करार उडवला, मग फेब्रुवारी 2022 मध्ये नवी स्वतंत्र युनियन निवडली आणि मे महिन्यात साडेआठ टक्के पगारवाढ घेतली. कामगार तेच, कारखाना तोच. आता अमेरिकेला मेक्सिकन कामगाराचा एवढा कळवळा का, तर तिकडचा पगार फारच कमी राहिला की अमेरिकेतले कारखाने तिकडे जातात, हे सरळ आहे. पण पगार वाढला ना.

आता आपल्याकडे या. भारत आणि ब्रिटनचा करार 24 जुलै 2025 ला झाला. त्यात कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे, वाचायला छान आहे, पण त्यातली कलमं मोडली तर कराराच्या तंटा निवारणाकडे जाता येत नाही, दोन्ही सरकारांनी आपसात बोलायचं. म्हणजे 1994 मध्ये मेक्सिकोच्या कामगाराला जे मिळालं होतं, जवळपास तेच!

करार ब्रिटन सरकारच्या साइटवर आहे. पीडीएफ भली मोठी आहे, सगळी वाचू नका, कामगारांच्या प्रकरणाचं शेवटचं पान आधी उघडा.