मोरमोरची वेणी

नमस्कार, श्रोतेहो. आज मी तुम्हाला एका आजीबद्दल सांगणार आहे. ती माझ्या नात्यातली नव्हती. अमेरिकेत, मिनियापोलिसला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्या घराची ती मालकीण. घरचे, शेजारचे, चर्चमधले सगळे तिला मोरमोर म्हणायचे. स्वीडिशमध्ये मोर म्हणजे आई, आणि मोरमोर म्हणजे आईची आई. वडिलांची आई ती फारमोर. आपल्याकडे दोघीही आजीच.

मोरमोरचा जन्म १९१८चा, मिनेसोटातल्या चिसागो परगण्यात, शेतावरच्या घरात. तिचे आजोबा स्वीडनच्या स्मोलांड भागातले. तिथली जमीन दगडगोट्यांची, त्यात १८६७ नंतर दुष्काळ पडला आणि माणसं जहाजांत बसली. १९३० पर्यंत बारा लाखांहून जास्त स्वीडिश लोक अमेरिकेला गेले. तिच्या लहानपणी ल्यूथरन चर्चमधली उपासना स्वीडिशमध्ये व्हायची, मग हळूहळू इंग्रजी आली. तिचीही स्वीडिश विरत गेली. जेवणाआधीची प्रार्थना मात्र शेवटपर्यंत स्वीडिशच. आपल्या ‘वदनि कवळ’सारखी, लहानशी, यमकाची. नव्वदी ओलांडली तरी तिचा रविवार चुकला नाही.

आता वेणीची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी खालून वेलदोड्याचा वास यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शिरा करतंय! मी वासामागे जिना उतरले. मोरमोर ओट्याशी बसून अंगठ्याच्या नखाने वेलदोडे सोलत होती. काळे दाणे खलबत्त्यात, सालं कॉफीच्या किटलीत. (श्रोतेहो, पाकिटातली वेलची पूड घेऊ नका. श्रीखंड असो की पाव, दाणे ऐनवेळीच कुटावेत. माझं हे ठाम मत आहे.)

रविवारी उपासना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असते, आणि तिच्याबरोबर वेलदोड्याचा गोड पाव. दूध, लोणी, यीस्ट घालून मळलेली कणीक, आणि तिची वेणी. हो, केसांची घालतो तशीच. त्या हिवाळ्यात मोरमोरची बोटं आखडली होती. पेड हातातून निसटत होते. ती काही म्हणाली नाही, पण तिने कणकेवर फडकं टाकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, मी घालू?

माझ्या साताऱ्याच्या आजीने माझ्या केसांची पाच पेडांची वेणी घालून मला ती शिकवली होती. मी कणकेची पाच पेडांची घातली. मोरमोरने चष्मा लावला, वेणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “फार सुंदर आहे.” आणि सगळी उकलली! “चर्चची वेणी तीन पेडांची. पाच पेडांची आपण घरी खाऊ.”

तीन पेडांची, श्रोतेहो. चर्चला तीन, घरी पाच. त्यानंतर दर शनिवारी मी वेणी घालायची आणि ती राखण करायची. भट्टीतून काढलेली वेणी पालथी करून बुडाला टिचकी मारायची. पोकळ आवाज आला की म्हणायची, “झाला.” म्हाताऱ्या माणसांना ‘आता आराम करा’ म्हणू नये. त्यांना टिचकी मारायला तरी बोलवावं.

२०१४च्या जानेवारीत, पंचाण्णवाव्या वर्षी, मोरमोर गेली. बाहेर उणे वीस तापमान, तरी चर्च भरलं होतं. अंत्यविधीनंतरच्या कॉफीचा पाव मी केला. आठ वेण्या, सगळ्या तीन पेडांच्या. तिची नात तळघराच्या स्वयंपाकघरात आली. तिने एक वेणी उचलली, पालथी केली, बुडाला टिचकी मारली, कान लावला.

“झाला,” ती म्हणाली.