पेठेतलं स्वस्त घर: किंमत कुणी कमी केली?

नमस्कार. मागच्या जूनमध्ये एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही नोकरी करणारे, सिंहगड रस्त्यावर भाड्यानं राहणारे. त्यांनी पुण्याच्या कसबा पेठेत एक घर पाहिलं होतं. दगडी जोतं, तळमजला आणि वर एक मजला, कौलारू छप्पर, मागं छोटा चौक. मालक जी किंमत सांगत होते तेवढ्यात उपनगरात जेमतेम दोन खोल्यांचा फ्लॅट आला असता. मुलीनं मला पहिलाच प्रश्न विचारला, "सर, एवढं स्वस्त कसं?"

पस्तीस वर्षं मी जुनी घरं तपासतोय, पण हा प्रश्न इतक्या सरळपणे फार थोडे जण विचारतात. बहुतेकांना स्वस्त मिळतंय याचाच आनंद इतका होतो की कारण विचारायचं राहून जातं. आज मला त्या कारणाबद्दलच बोलायचं आहे.

पेठांमध्ये घराची किंमत राहणाऱ्याच्या हिशेबानं ठरत नाही, बिल्डरच्या हिशेबानं ठरते. पाडून वर किती मजले चढतील, एफएसआय, म्हणजे जागेच्या मानानं बांधकामाची मुभा, किती मिळेल, भाडेकरूंना किती जागा द्यावी लागेल, हा त्याचा हिशेब. घर आजच्या घडीला किती धड आहे, हे त्याच्या लेखी शून्य आहे, कारण तो ते पाडणारच असतो. मग ज्या घरात बिल्डरला काही मिळत नाही, त्याचा भाव पडतो. तुम्ही तिथं राहायला जाणार असाल, तर त्यानं वजा केलेल्या काही गोष्टी तुमच्यासाठी वजा नसतातच. आणि काही गोष्टी त्यानं हिशेबात धरलेल्याच नसतात, त्या मात्र तुम्हाला भोवतात. ही वजाबाकी पुन्हा आपल्या बाजूनं मांडून पाहायची, एवढंच माझं सांगणं आहे.

या घराचं पहिलं कारण लगेच सापडलं. ते शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० साली प्राचीन स्मारकांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं. तिथं नवं बांधकाम होत नाही. जुन्याची दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊन. त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे तिथं बांधायचं तर परवानगी लागते. बिल्डरच्या दृष्टीनं ही जागा संपली. पण या दोघांना टॉवर बांधायचाच नव्हता! त्यांना राहायचं होतं, ऑफिसला चालत जायचं होतं. त्यांच्यासाठी या नियमाचा अर्थ एवढाच की हे घर पाडून नवं बांधता येणार नाही, म्हणून आहे ते टिकाऊ हवं. आणि दुरुस्तीचा प्रत्येक मोठा घास परवानगीच्या वाटेनं जाईल, हे मनाशी पक्कं हवं. अरुंद बोळाचंही तसंच. रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय अवलंबून असतो, म्हणून बोळातलं घर बिल्डरला नको असतं. तुम्ही मात्र दुसरा प्रश्न विचारा: या बोळात रुग्णवाहिका येते का? अग्निशमनचा बंब किती लांब थांबेल? आणि विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा घराच्या किती आतून जाते? समोरची दहा फूट जागा उद्या रस्त्यात जाणार असेल, तर आज तिचे पैसे कशाला मोजायचे?

आता कागद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण भिंतीतला तडा सगळ्यांना दिसतो आणि मालमत्ता पत्रकातला दिसत नाही.

नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजेच हे मालमत्ता पत्रक, काढलं. त्यावर तीन भावांची नावं होती. विकणारे तेच तिघं. मी विचारलं, "बहिणी किती?" दोन होत्या. एक सोलापूरला, एक इंदूरला. घर आजोबांच्या वेळचं, वडील गेले तेव्हा वारस नोंद करताना फक्त मुलांची नावं लागली. "त्यांनी काही मागितलंच नाही," असं थोरले भाऊ म्हणाले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकाल यांनी हा प्रश्न निकालात काढलाय. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ ला हयात असोत वा नसोत. बहिणींच्या सह्या नसलेलं खरेदीखत म्हणजे उद्याचा दावा विकत घेणं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्यांनीही खरेदीखतावर विकणाऱ्या म्हणून सही करायला हवी. घरातल्या घरात सगळं समजुतीचं आहे, असं कितीही प्रेमानं सांगितलं तरी. शिवाय कुलमुखत्यारपत्रावर "विक्री" करून देतो असं कुणी म्हणालं, तर नुसत्या त्या कागदानं मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, हा गैरसमज अजून घट्ट आहे. महापालिका कर गोळा करते, मालकी ठरवत नाही. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हा खर्च वाचवणारी माणसं मी पाहिलीत. आणि त्यातली काही आज कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली पाहिलीत.

दुसरी गोष्ट भाडेकरू. या घराच्या पुढच्या खोलीत एक आजी राहत होत्या, सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या भाडेकरू. भाडं इतकं कमी की ते आणायला जायला मालकांना संकोच वाटे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल २००० पासून. घर विकलं तरी भाडेकरू हलत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो. नियमित भाडं भरणाऱ्याला कायद्यातल्या ठरलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. भाडेकरू वारला, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. "घ्या तुम्ही, त्या जातील वर्षभरात," असं कुणी सांगितलं तर तो विषय तिथंच सोडा. दुसऱ्याच्या म्हातारपणावर घराचा हिशेब मांडू नये, आणि मांडला तरी कायदा साथ देत नाही. मी या दोघांना म्हटलं, त्या खोलीत आजी राहणारच आहेत असं धरून किंमत काढा. ती जमत असेल तर पुढं जा. आणि आधी आजींशी बोला. ते गेले, चहा झाला, आणि घराची जी माहिती मालकांना ठाऊक नव्हती ती आजींनी दिली. १९६१ साली पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, मागची भिंत त्यानंतर नव्यानं बांधली, वरच्या मोरीचं पाणी कुठल्या कोपऱ्यात मुरतं, सगळं.

मोरीवरून घराकडे येतो. पेठेतलं जुनं घर म्हणजे लाकडी सांगाडा, मधे विटा-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंती, कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या, त्यावर मातीचा थर आणि वर फरशी. हे बांधकाम कच्चं नव्हे. कोरडं ठेवलं तर शंभर वर्षं सहज उभं राहतं. त्याला मारतं ते पाणी. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, जुनं घर पावसात पाहा. उन्हाळ्यात रंग देऊन ठेवलेलं घर पाहून सौदा करू नका. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असेल, तर त्याच भिंतीजवळ उभे राहा.

मी सगळ्यात आधी तुळयांची टोकं पाहतो. तुळई मधे ठणठणीत दिसते. ती भिंतीत जिथं शिरते तिथं कुजते. तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहायचा. सहज आत गेला, तर वाळवी तरी आहे किंवा कूज. या घरात माडीवर नंतर कुणीतरी संडास-बाथरूम काढलं होतं, लाकडी कडीपाटावर सिमेंटचा थर देऊन. जुन्या घरांमधली ही सगळ्यात नेहमीची दुखापत आहे. वरून वजन, खालून ओल. आजींनी दाखवलेल्या त्या कोपऱ्यात दोन कड्या हातानं चुरत होत्या.

मग ओळंबा. माडीवरून दोरी सोडली, भिंत रस्त्याकडे कलली आहे का ते कळतं. तडे मी मोजत नाही, त्यांची दिशा पाहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा पाया खचल्याचं सांगू शकतो. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि दोन-तीन महिने थांबा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. मालक थांबायला तयार नसेल, तर तीही एक माहितीच. खालच्या भिंतींना दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं फुटणारा पांढरा क्षार, लागला होता, आणि त्याचं कारण गंमत वाटेल इतकं साधं होतं. चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचा केला की भिंत सावकाश सुकते.

मागच्या बाजूला सिमेंटचा एक जुना स्लॅब होता. त्याच्या खालचा भाग फुगून सुटला होता, आत गंजलेली सळई. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. तो स्लॅब वाचवण्यासारखा नव्हता. जुने फ्लॅट बघणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवा: तुमच्या एका फ्लॅटचा नव्हे, तळमजल्यावरच्या खांबांचा आणि गच्चीचा तपास करून घ्या. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्थैर्याचं प्रमाणपत्र घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे, ते मागा. वाड्यांना पावसाळ्यापूर्वी धोकादायकच्या नोटिसा निघतात. तशी कधी आली होती का, तेही विचारा.

आणि शेजार पाहा. पेठेतली घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. शेजारचा वाडा पाडून तिथं पार्किंगसाठी खोल खड्डा घेतला, की तुमच्या भिंतीचा आधार जातो. सामाईक भिंत कुणाची, बोळाची वहिवाट कुणाची, हे कागदावर हवं.

पैशांचं थोडक्यात. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं, पुण्यात साधारण ७ टक्के, खरेदीदार स्त्री असेल तर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सौदा सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर तो फरक तुमचं उत्पन्न समजून त्यावर आयकर लागू शकतो. जुन्या बांधकामाची घट धरून मूल्यांकन करून घ्या. बँका अशा घरांना कर्ज देताना इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहतात, तेव्हा बयाणा देण्याआधी बँकेला विचारा.

या दोघांनी मग किंमत पुन्हा मांडली. आजींची खोली वजा, मागचा स्लॅब पाडणं वजा, माडीवरचं बाथरूम खाली आणण्याचा खर्च वजा. शनिवारवाड्याचा नियम मात्र त्यांनी वजा केला नाही. मालकांनी महिनाभर विचार केला. इंदूरच्या बहिणीचं हक्कसोडपत्र यायला दिवाळी उजाडली, तोवर या दोघांनी एक पैसा दिला नाही, यासाठी मला त्यांचं फार कौतुक वाटतं. सोलापूरची बहीण सहीला स्वतः आली आणि तिनं तिच्या वाट्याचे पैसे घेतले, जे तिला कुणी कधी देऊ केले नव्हते.

आता तिथं काम चालू आहे. परवानगी आल्यावर पहिल्यांदा कौलं उतरवून छप्पर नीट केलं, मग ड्रेनेज. भिंती सुकतायत. रंगाला एक पावसाळा जाऊ द्या, असं मी त्यांना सांगितलंय.