पहिल्या टप्प्याची खरखर

(पडद्यावर: भिंगाखाली, चिमट्यात धरलेला ट्रान्झिस्टर.)

तिळाएवढा ट्रान्झिस्टर. चार पाय. त्यातले दोन जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचे. शेवटच्या वर्षाचं आमचं सगळं प्रोजेक्ट या तिळावर उभं होतं.

आम्हाला आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकायचा होता. त्याच्या लहरी १४२० मेगाहर्ट्झवर येतात, लांबी २१ सेंटिमीटर. अतिशय क्षीण. अँटेनात आलेला हा संदेश मोठा करायला अॅम्प्लिफायर लागतो, आणि प्रत्येक अॅम्प्लिफायर स्वतःची खरखर त्यात मिसळतो. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली याचा हिशेब मांडला. पहिल्या टप्प्याने संदेश शंभरपट केला, तर दुसऱ्या टप्प्याची खरखर शंभराने भागली जाते. पहिल्याची मात्र कशानेच भागली जात नाही. म्हणून पहिला टप्पा 'लो नॉइज', म्हणजे कमीत कमी खरखर करणारा हवा. तो तीळ आमच्या याच पहिल्या टप्प्यासाठी होता.

(पडद्यावर: तपकीर गल्लीतली दुकानं.)

कनेक्टर, तांब्याचा पत्रा, अॅल्युमिनियमची डबी हे सगळं पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळालं. ट्रान्झिस्टर मागवावा लागला.

बोर्ड तयार झाला. ६० मिलिअँपिअर प्रवाह अपेक्षित होता, मीटरवर ७५ दिसले. बोट बोर्डाजवळ नेलं की आकडा हलायचा, दूर नेलं की परत यायचा. अॅम्प्लिफायर स्वतःच गात होता, म्हणजे बाहेरून काही न येता आपणच लहरी निर्माण करत होता, हे आम्हाला कळायला हवं होतं. पण लॅबमधला स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती संदेश आहे ते दाखवणारं यंत्र, ३ गिगाहर्ट्झपर्यंतच दाखवायचा आणि तिथवर सगळं स्वच्छ. चार दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत बसलो. मग दुसरीकडे जास्त रेंजचा अॅनालायझर मिळाला, आणि ७ गिगाहर्ट्झच्या आसपास ताठ उभी रेघ दिसली. इनपुटला काहीही जोडलेलं नसताना!

पाय बोर्डाच्या ग्राउंडला जोडणारी भोकं त्या पायांपासून लांब पडली होती. ती अगदी पायांना खेटून पाडली. शिवाय आउटपुटच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घातला. तोच रेझिस्टर इनपुटला घातला असता तर गाणं कदाचित थांबलं असतं, पण त्याची स्वतःची खरखर आकाशाच्या संदेशात कायमची मिसळली असती. ट्रान्झिस्टरनंतर, संदेश मोठा झाल्यावर, त्याने फारसं काही बिघडत नाही. मला हे सर्किट खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं.

(पडद्यावर: गच्ची, रात्र. पत्र्याचा हॉर्न अँटेना.)

आता तपासणी. हॉर्न आधी जमिनीकडे वळवायचा. खरखर तापमानासारखी केल्विनमध्ये मोजतात. जमीन साधारण ३०० केल्विनची खरखर देते. मग मोकळ्या आकाशाकडे. तिथे ती दहा-वीस केल्विनच. दोन्हींतला फरक जितका जास्त, तितका अॅम्प्लिफायर शांत.

पहिल्या रात्री फरक आला साडेचार डीबी (डेसिबल, संदेशाची पट मोजायचं एकक). सगळे गप्प. मग एकीचं लक्ष हॉर्न आणि अॅम्प्लिफायर यांच्यामधल्या दीड मीटर केबलकडे गेलं. केबलने संदेश एक डीबी खाल्ला, तर ती एकटीच ७५ केल्विन खरखर घालते. आकाशाच्या कितीतरी पट! केबल काढली, डबी थेट हॉर्नच्या मागे स्क्रूने आवळली. सात डीबी.

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांचे पहिले अॅम्प्लिफायर खाली खोलीत नाहीत. ते वर, तबकडीच्या नाभीपाशी, म्हणजे लहरी एकवटतात तिथे, अँटेनाला चिकटून बसवलेले आहेत. पुस्तकात हे वाचलं होतं. गच्चीवर त्याचं कारण हाताला लागलं.

शहरात मोबाइल टॉवरचा त्रास होतोच. त्यासाठी फिल्टर लावला, तोही पहिल्या टप्प्यानंतर.

(पडद्यावर: लॅपटॉप. सपाट आलेख.)

एप्रिलची पहाट, साडेचार. आकाशगंगेचा पट्टा हॉर्नसमोर आला. दहा मिनिटांची सरासरी काढत गेलो, आणि १४२० च्या जवळ सपाट रेघेला हळूहळू एक उंचवटा आला. हॉर्न बाजूला वळवला, उंचवटा गेला. परत वळवला, परत आला.