गवती चहाचं बिल

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, नमस्कार.

फलकावर 'प्रयोगशाळेतील सिट्रल : उपयोग व संशोधन' असं लिहिलंय. सिट्रल म्हणजे गवती चहाच्या वासामागचं द्रव्य. मी कार्यवाहांना 'गवती चहा' एवढंच सुचवलं होतं. ते म्हणाले, सर, लोक सर्दीवरचा काढा ऐकायला येतील. मग तर सभागृह भरलं असतं! असो. जेवढे आलात, तेवढे जिद्दीचे आहात.

मंडईतून सकाळी दोन जुड्या आणल्यात. एक डावीकडून सोडतो, एक उजवीकडून. पाती बोटांत चुरडा, वास घ्या आणि पुढे द्या. कडेवरून बोट ओढू नका, कापतं. आता सांगा, वास कशाचा? बरोबर, लिंबाचा. आणि यात लिंबू आहे का? नाही. चहा आहे का? तोही नाही. हे गवत आहे, ज्वारीच्या कुळातलं. म्हणजे नाव चहाचं, वास लिंबाचा आणि जात गवताची. या नावाच्या घोटाळ्यावर मी आयुष्यातली तीन वर्षं घालवली आहेत. सिट्रलकडे येतोच, पण आधी ते सांगतो.

1980च्या दशकातली गोष्ट. मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, तुमच्यातले दोघे-तिघे गालात हसताहेत तेवढं पुरे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रात्यक्षिक द्यायचो : वनस्पतीतून वाफेनं तेल काढायचं. पाठ्यपुस्तकात लवंग होती. लवंगेचा भाव तेव्हाही परवडणारा नव्हता, आणि प्रयोगाआधी निम्मी लवंग मुलांच्या तोंडात जायची. मी गवती चहा आणला. वीस जुड्या, आठ आण्याला एक, एकूण दहा रुपये. मंडईतल्या मावशींकडून पाठकोऱ्या कागदावर सहीसकट पावती घेतली. 'गवती चहा, 20 जुड्या, रु. 10' असं व्हाउचर केलं आणि दिलं ऑफिसात.

वर्षअखेरीला हिशेबतपासनीस आले. त्यांचा आक्षेप माझ्या अजून पाठ आहे. 'प्रयोगशाळेच्या उपभोग्य साहित्याच्या खात्यातून चहापानाचा खर्च करण्यात आला आहे. खुलासा करावा.'

खुलासा केला. सदर वस्तू चहा नसून गवत आहे, असं लिहिलं. पुढच्या वर्षी आक्षेप आला : 'रसायनशास्त्र विभागाने गवत कोणत्या प्रयोजनार्थ खरेदी केले? महाविद्यालयाकडे जनावरे नाहीत.' (हशा) हसू नका. त्या ओळीखाली प्राचार्यांनी तांबड्या शाईनं 'चर्चा करावी' असा शेरा मारला होता. चर्चा झाली. त्यात माझ्यासमोर चहा आला, आणि तो चहापानाच्या खात्यातूनच आला.

तिसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळा सहायकानं मार्ग काढला. हा माणूस दहावी नापास, पण विभागात त्याच्याइतकं शहाणं कुणी नव्हतं. तो म्हणाला, सर, त्याचं इंग्रजी नाव काय? मी म्हटलं, इंग्रजी कशाला, लॅटिनच घे. आणि व्हाउचरवर लिहिलं : 'सिम्बोपोगॉन सिट्रेटस, 20 नग, रु. 10'. बिल एका दिवसात पास! वर लेखनिकानं मला बाजूला घेऊन विचारलं, सर, एवढं स्वस्त कसं मिळालं?

उजवीकडच्या चौथ्या रांगेत जुडी अडकली आहे. पुढे द्या, घरी न्यायची नाही.

पुष्कळ वर्षं मी त्या हिशेबतपासनीसांवर चिडून होतो. आता वाटतं, त्यांनी तरी काय वेगळं केलं? ते नावावर गेले. आम्ही रसायनवाले रोज तेच करतो. लिमोनिन नावाचं एक द्रव्य आहे. नाव लिंबावरून, वास मात्र संत्र्याचा. संत्र्याच्या सालीच्या तेलात सुमारे पंचाण्णव टक्के तेच असतं. लिंबाच्या सालीतही दोनतृतीयांशाच्या आसपास लिमोनिनच. मग लिंबू लिंबासारखं का लागतं? कारण त्या तेलात जेमतेम दोन-तीन टक्के सिट्रल असतं. बहुमत लिमोनिनचं, पण ओळख ठरवतो हा दोन-तीन टक्केवाला. पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि सिट्रल? नाव लिंबूवर्गाचं, पण भरपूर हवं असेल तर गवताकडे जावं लागतं. गवती चहाच्या तेलात तो सत्तर-ऐंशी टक्के असतो. शिवाय सिट्रल हे एक द्रव्यच नाही, ते दोघं आहेत. जिरॅनिअल आणि नेरल. दोघांचे अणू तेच, दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फरक इतकाच की एका दुहेरी बंधाभोवती एकाचं टोक या बाजूला, दुसऱ्याचं त्या बाजूला. बाटलीवर नाव मात्र एकच.

त्या प्रात्यक्षिकाचं थोडं सांगू द्या, त्याशिवाय मला बरं वाटणार नाही. दोन किलो पाती कात्रीनं बोटभर कापायची, फ्लास्कमध्ये ठासायची, वाफ सोडायची. सिट्रल एकटा उकळायला सव्वादोनशेच्या वर अंश सेल्सिअस लागतात, पण वाफेच्या सोबतीनं तो शंभराच्या आतच निघतो. कंडेन्सरमधून प्रथम नुसतं पाणी येतं. मुलं कंटाळतात, एक जण खिडकीशी जाऊन उभा राहतो. मग थेंब दुधट व्हायला लागतात. सेपरेटिंग फनेलमध्ये ते पाणी दहा मिनिटं ठेवलं की वर पिवळट थर दिसतो. दोन किलोमागे पाच-सहा मिली. सगळा वर्ग त्या बोटभर तेलाभोवती गोळा व्हायचा, आणि तोवर जिन्यापर्यंत वास गेलेला असायचा. इतिहास विभागातून दर वर्षी निरोप यायचा, चहा झाला का?

पुढची पायरी माझी आवडती. तेलात सोडियम बायसल्फाइटचं संपृक्त द्रावण घालून हलवायचं. बाटली हाताला कोमट लागते आणि आत पांढरा रवा धरतो. सिट्रलच्या टोकाला अल्डिहाइड गट असतो, त्याला बायसल्फाइट चिकटतं. तेलातली बाकीची मंडळी तेलातच राहतात. रवा गाळायचा, धुवायचा, सोड्याच्या द्रावणात टाकायचा, की सिट्रल मोकळा. पण घाई करून गरम केलं, तर बायसल्फाइट दुहेरी बंधालाही जाऊन बसतं आणि मग सोडा घाला नाहीतर गंगाजल, सिट्रल परत येत नाही. दर वर्षी एका तरी गटाचं हे व्हायचं, आणि तो गट नेहमी सर्वांत हुशार मुलांचा असायचा.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे'. पन्नास मिनिटांत तुम्ही मला बिलापर्यंतच आणलंत! ठीक आहे, फलकावरच्या विषयाकडे येतो, आता पळतो.

एक. 1893 साली जर्मनीत टीमान आणि क्रूगर व्हायलेट फुलांच्या वासामागे लागले होते. त्यांनी सिट्रल आणि अ‍ॅसिटोन यांची अल्कलीत गाठ घातली, निघालेलं द्रव्य आम्लात वळवलं, आणि आयोनोन मिळालं, अगदी व्हायलेटच्या वासाचं. अत्तरवाले खूश. पुढे कळलं की या आयोनोनचा बीटा नावाचा भाऊ म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या रेणूचं अर्धं अंग आहे. त्या रेणूची रचना पॉल कॅरर यांनी उलगडली, 1937चं नोबेल त्यांना मिळालं. 1947 साली ओटो इस्लर आणि सहकाऱ्यांनी बीटा-आयोनोनपासून अ-जीवनसत्त्व बनवण्याचा कारखान्याला झेपेल असा मार्ग काढला. सिट्रल देणारं केरळचं गवती तेल बाहेरच्या बाजारात 'कोचीन तेल' म्हणून ओळखलं जायचं. आता बहुतेक सिट्रल पेट्रोलियमच्या मालातून बनतो. रेणू तोच. नैसर्गिक-कृत्रिम या वादात मी पडत नाही, तासभर जाईल.

दोन, आणि हे आजचं खरं भाषण होतं. शरीरात अ-जीवनसत्त्वापासून रेटिनाल बनतं, रेटिनालपासून रेटिनोइक आम्ल. गर्भात हात कुठे फुटायचा, मेंदूच्या मागच्या भागाची विभागणी कशी व्हायची, याच्या सूचना देणाऱ्यांत हे आम्ल असतं. रेटिनालचं आम्ल करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. आता सिट्रलकडे पाहा : रेटिनालच्या शेपटाची निम्मी नक्कल, टोकाला तोच अल्डिहाइड. विकराच्या खुर्चीत हा जाऊन बसतो आणि खरा पाहुणा दारात उभा. म्हणून भ्रूणविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर किंवा झेब्राफिशच्या पाण्यात सिट्रल देतात आणि काय चुकतं ते बघतात. रेटिनोइक आम्ल मिळालं नाही तर झेब्राफिशला छातीचे पर फुटत नाहीत. ज्या रेणूपासून माणूस कारखान्यात अ-जीवनसत्त्व बनवतो, तोच रेणू गर्भात त्या जीवनसत्त्वाचं काम अडवतो! यावर मला अर्धा तास हवा होता. एक सावधगिरी सांगतो. सिट्रल दुसऱ्या विकरांच्या खुर्च्यांतही बसतो. म्हणून शहाणे संशोधक नुसत्या त्याच्यावर विसंबत नाहीत, दुसरा अडथळा वापरून ताळा करतात, वरून रेटिनोइक आम्ल देऊन गर्भ सावरतो का तेही पाहतात.

तीन, मधमाश्या. युरोपीय मधमाशीच्या पोटाच्या टोकाशी नासोनोव्ह ग्रंथी असते. 'इकडे या, घर इथे आहे' हा वास ती त्यातून सोडते, आणि त्यात जिरॅनिऑल या दुसऱ्या सुवासिक द्रव्याबरोबर सिट्रलही असतो. म्हणून भटका थवा पेटीत यावा यासाठी पेटीला गवती तेलाचे थेंब लावतात. मधमाश्यांवर काम करणारी केंद्रीय संस्था आपल्या गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950ची, आणि तिथे डॉ. सुख देव यांनी टर्पीन कुळातल्या रेणूंवर केलेलं काम जगभर वाचलं गेलं. सिट्रल त्याच कुळातला. दोन्ही ठिकाणांवरून आपण रोज रिक्षानं जातो.

चार, लिमोनिन, कारण त्याचं नाव घेऊन बसलो. ऊतींच्या काचपट्ट्या करताना मेण काढायला झायलीन वापरतात, त्याच्या जागी काही प्रयोगशाळा लिमोनिन घेतात. ते थर्मोकोलही विरघळवतं. आमच्या एका विद्यार्थ्यानं संत्र्याच्या सालीचं तेल थर्मोकोलच्या पेल्यात ठेवलं आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा टेबल संत्र्याचा वास मारत होतं आणि पेला बुडाशिवाय उभा होता.

पाच, बुरशी. काचेच्या ताटलीत सिट्रल कॅन्डिडासारख्या बुरशीची वाढ थांबवतो, हे खरं. ताटली म्हणजे शरीर नव्हे, हेही खरं. निव्वळ तेल कातडीवर चोळू नका. त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते. आठवड्याला एक तरी फोन येतो, सर, गुडघ्याला लावू का? नका लावू.

घंटा झाली, अध्यक्ष माझ्याकडे बघताहेत. प्रश्न बाहेर घेऊ. बाहेर चहा आहे, त्यात पाती घातलेली आहे, माझ्याच पिशवीतल्या तिसऱ्या जुडीची. कार्यवाह, तुमच्या वहीत तो खर्च चहापानातच लिहा, या वेळी माझी हरकत नाही.