माहिती असते, पण ऐन वेळी शब्द फुटत नाही

आज समोर बहुतेक शिक्षक, समुपदेशक आणि आरोग्य कार्यकर्ते बसले आहेत. त्यामुळे लैंगिक शिक्षण द्यावं की देऊ नये, या वादात मी शिरत नाही. तुम्ही ते देताच आहात. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. मुली वर्गात सगळं ऐकतात, वहीत उतरवून घेतात, चाचणीत चांगले गुणही मिळवतात. पण प्रसंग आला की त्यातलं काहीच हाताशी येत नाही. असं का होतं, आणि वर्तनबदलाच्या अभ्यासातून आपल्याला काय उचलता येईल?

या अभ्यासाची एक महत्त्वाची सुरुवातच अशा कोड्यातून झाली. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता, की क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून मिळत असूनही लोक का येत नाहीत? त्यातून त्यांनी जी मांडणी केली ती आजही उपयोगी पडते. आजार आपल्यालाही होऊ शकतो असं माणसाला वाटावं लागतं, तो गंभीर वाटावा लागतो, उपायाचा फायदा दिसावा लागतो, आणि वाटेतल्या अडचणी त्या फायद्याहून मोठ्या वाटून चालत नाही. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत सगळं अडतं ते बहुधा या शेवटच्या मुद्द्यावर. दवाखान्यात गेले आणि कुणी ओळखीचं भेटलं तर? डॉक्टरांनी घरी सांगितलं तर? आपण धोक्यावर तासभर बोलतो आणि या अडचणींना दोन मिनिटं देतो. नुसती भीती घातली आणि वाट दाखवली नाही, तर मुलगी तो विषयच मनाआड करते.

म्हणून माहिती फुकट जाते असं कुणी समजू नये. कोणती माहिती, हे बघावं लागतं. पास्कलिन द्यूपा या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने पश्चिम केनियातल्या शाळांमध्ये केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना साधारण ४० मिनिटांत एक गोष्ट आकड्यांनिशी सांगितली होती, ती म्हणजे वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण समवयस्क मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. त्या शाळांतल्या मुलींमध्ये गर्भधारणेचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. उलट, लग्नापर्यंत संयम पाळा असं सांगणारा अधिकृत अभ्यासक्रम शिक्षकांना प्रशिक्षण देऊन राबवला, तरी गर्भधारणेत फरक दिसला नाही. पहिल्या माहितीने मुलींना निवड करायला काहीतरी दिलं, दुसऱ्याने फक्त बजावलं.

आता माझ्या मते सगळ्यात कळीच्या गोष्टीकडे येते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये मांडलं, की एखादी कृती आपल्याला जमेल असा भरवसा असल्याशिवाय माणूस ती करायला धजत नाही. हा भरवसा सर्वांत जास्त कशाने येतो? स्वतः करून बघितल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणालातरी ते करताना पाहून. 'तुला जमेल' असं नुसतं सांगण्याची ताकद त्याहून कमी असते. आणि आपला बहुतेक तास नेमका सांगण्यातच जातो.

म्हणून मुलींना बोलायला लावा. फळ्यावर 'नाही म्हणायला शिका' असं लिहून ते होणार नाही. जोड्या करा. एकीने दबाव आणायचा, दुसरीने उत्तर द्यायचं. दबावाची वाक्यं मुलींकडूनच घ्या, त्यांना ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असतात. 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का?' 'एकच फोटो, लगेच डिलीट करतो.' 'सगळ्याच पाठवतात.' पहिल्यांदा मुलगी हसते, खाली बघते, 'मला नाही माहीत' म्हणते. हरकत नाही, पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला ती कारणं देऊ लागते. इथे थांबून दाखवा, की कारण दिलं की समोरचा ते कारण खोडत बसतो. तिसऱ्या खेपेला वाक्य आखूड होतं, 'मी फोटो पाठवत नाही.' एवढंच. मग तिला 'जर-तर' ठरवायला सांगा, 'जर त्याने पुन्हा मागितला, तर मी उत्तर न देता फोन ठेवीन आणि अमुक व्यक्तीला सांगेन.' आधी असं ठरवून ठेवलेलं असलं की ऐन वेळी आठवतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर आणि इतरांच्या संशोधनातून दिसून आलं आहे. हाच सराव पाळीच्या त्रासाबद्दल डॉक्टरांशी बोलण्याचा करता येतो, जोडीदाराकडे कंडोमचा आग्रह धरण्याचाही करता येतो. वर्गाच्या वयाप्रमाणे प्रसंग निवडा.

पण यात एक धोका आहे. हे सगळे सिद्धांत गृहीत धरतात, की निर्णय मुलीच्या हातात आहे. तो नेहमी नसतो. समोरचा वयाने मोठा असतो, पैसा त्याच्याकडे असतो, मारहाणीची भीती असते. अशा ठिकाणी 'तू ठामपणे बोल' एवढंच शिकवलं, तर उद्या काही झाल्यावर ती स्वतःलाच दोष देईल. संशोधिका निकोल हॅबरलँड यांनी २०१५मध्ये लैंगिक शिक्षणाच्या २२ कार्यक्रमांचा आढावा घेतला. स्त्री-पुरुष असमानता आणि सत्ता यांवर बोलणाऱ्या कार्यक्रमांपैकी ८० टक्क्यांमध्ये लैंगिक संसर्ग किंवा नको असलेली गर्भधारणा घटल्याचं दिसलं. या विषयाला हात न लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं. इतका मोठा फरक पाहिल्यावर तो धडा 'वेळ उरला तर घेऊ' म्हणून मागे ठेवता येत नाही. संमती म्हणजे काय, हे मुलग्यांनाही तितक्याच तपशिलाने शिकवावं लागेल. जबरदस्ती झाली तर जबाबदारी करणाऱ्याचीच असते, हे दर सत्रात स्पष्ट शब्दांत सांगा. आणि भूमिका करता करता एखादी मुलगी गप्प झाली, रडू लागली, तर तिला वर्गासमोर काही विचारू नका. तिच्याशी बाजूला कोण बोलेल, पुढे कुठे पाठवायचं, हे सत्र सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. सगळं गुप्त ठेवीन असं वचनही देऊ नका. ती धोक्यात असेल तर तुम्हाला ते पुढे सांगावंच लागेल, आणि हे तिला आधीच माहीत असायला हवं.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल. योनी, स्तन, वीर्य, हस्तमैथुन हे शब्द शिक्षिकेच्या तोंडी अडखळले, की हे बोलण्यासारखं नाही एवढं मुली अचूक टिपतात. बांडुरा यांचा नियम आपल्यालाही लागू आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर आपण पुस्तिका उघडणार नाही. दोघी-दोघी समोरासमोर बसून हे शब्द मोठ्याने म्हणायचे, आणि मग विद्यार्थिनीने विचारावा तसा एक प्रश्न एकमेकींना विचारून त्याचं उत्तर द्यायचं. जे पुरुष शिक्षक आहेत त्यांनीही जोडीने बसायचं आहे.